थ्री नॉट थ्रीपासून शिकारी रायफल: आरी न लावता

कॅनडातल्या बहुतेक जुन्या बंदुकांच्या दुकानांत एखादी तरी ली-एनफील्ड भिंतीला टेकून उभी असते. पुढचं लाकूड निम्म्यावर कापलेलं, नळीवरचं लाकडी आवरण गायब, दस्त्यावर कुणीतरी जाड वॉर्निश फासलेलं. महाराष्ट्रात वाढलेल्यांनी तिची थोरली बहीण, म्हणजे नंबर १ मार्क ३, पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली असते आणि आपण तिला थ्री नॉट थ्री म्हणूनच ओळखतो. इथे कॅनडात जी जास्त मिळते ती पुढची आवृत्ती, नंबर ४. १९४१ मध्ये ती रीतसर स्वीकारली गेली. ब्रिटनमध्ये फझाकर्ली, माल्टबी आणि शर्लीला, अमेरिकेत सॅव्हेजच्या कारखान्यात आणि कॅनडात टोरांटोलगतच्या लाँग ब्रँचला ती बनली. एकट्या लाँग ब्रँचनेच नऊ लाखांच्या आसपास रायफली बनवल्या. युद्ध संपल्यावर त्या कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि शेतकऱ्यांनी, लाकूडतोड्यांनी, हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या सामान्य माणसांनी त्या घरीच कापून हलक्या केल्या.

त्या काळी ते शहाणपणाचंच होतं. नवी शिकारी रायफल परवडत नव्हती आणि लष्करी रायफलींचे ढीग पडले होते. आज हिशोब उलटा झाला आहे. सगळ्या भागांवरचे नंबर एकमेकांशी जुळणारी, न कापलेली नंबर ४ संग्राहक चांगली किंमत देऊन घेतात आणि कापलेली स्वस्तात पडून असते. म्हणून माझं ठाम मत असं की धडधाकट लष्करी रायफलीला हात लावू नये. दुसऱ्या कुणीतरी आधीच कापलेली घ्यावी, आणि तिच्यावर जे काम कराल ते परत उलटवता येईल असंच करावं. खाली जे लिहितो आहे ते या एका अटीवर उभं आहे.

आधी कायदा

कॅनडात रायफल बाळगायला आणि विकत घ्यायला पीएएल परवाना लागतो. त्यासाठी सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. शिकारीचा परवाना प्रांताप्रमाणे वेगळा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कापून नळी ४५७ मिलिमीटरपेक्षा किंवा रायफलची एकूण लांबी ६६० मिलिमीटरपेक्षा कमी केली, तर ती थेट प्रतिबंधित वर्गात जाते. जुन्या मालकाने नळी कापलेली असेल, तर विकत घेण्याआधी टेप लावून मोजा. नळी बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) बंद असताना बोल्टच्या तोंडापासून पुढच्या टोकापर्यंत मोजतात.

हे भारतात वाचत असाल तर केवळ माहिती म्हणून वाचा. तिथे .३०३ हा नागरिकांसाठी निषिद्ध बोअर आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीचं रूपांतर किंवा दुरुस्ती करणं आणि नळी आखूड करणं हे गुन्हे आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौशी शिकारही संपली. .३०३ निषिद्ध म्हणूनच तर ली-एनफील्डच्याच यंत्रणेवर बेतलेली .३१५ बोअरची रायफल इशापूरच्या कारखान्याने नागरी परवानाधारकांसाठी बनवली.

विकत घेताना काय पाहायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. लाकूड बदलता येतं, पेंट काढता येतो, पण झिजलेली नळी किंवा तुटलेली बॉडी (नळी आणि बोल्ट बसतात तो मुख्य धातूचा भाग) घेतलीत तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. हातात घेतल्याबरोबर बोल्ट उघडा, मॅगझिन काढा आणि चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, बोट घालून रिकामी असल्याची खात्री करा. दुकानदाराने आधीच तपासली असली तरीही.

बॉडीवर किंवा नळीवर ‘डीपी’ असा शिक्का असेल तर ती रायफल कवायतीसाठी बाजूला काढलेली आहे. तिच्यात जिवंत काडतूस कधीही घालू नये, मग ती कितीही छान दिसो.

त्यानंतर बोल्टच्या दांड्यावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळतो का ते पाहा. जुळत नसेल तर ती लगेच टाकाऊ ठरत नाही, पण मग हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांच्यातलं अंतर, मोजल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही. ली-एनफील्डमध्ये बोल्टचं डोकं वेगळं फिरवून बसवलेलं असतं. नंबर ४ साठी ते ०, १, २ आणि ३ अशा चार मापांत येई, म्हणजे कारखान्यातला माणूस वेगळं डोकं लावून अंतर जुळवू शके. .३०३ चं काडतूस आपल्या बुडाच्या कडेवर टेकतं, त्यामुळे बोल्टचं तोंड आणि ती कड टेकते ती जागा यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. लष्करी मापात ते ०.०६४ ते ०.०७४ इंचांच्या दरम्यान हवं. हे काम गेज असलेल्या गनस्मिथकडून करून घ्या. काही डॉलर जातील, पण डोळ्यांपुढे स्फोट होण्याचा धोका टळेल.

लाँग ब्रँच आणि सॅव्हेजच्या ‘मार्क १ स्टार’ रायफलींची एक खास दुखरी जागा आहे. बोल्ट काढण्यासाठी तो सरकतो त्या उजव्या बाजूच्या रुळात एक खाच दिलेली असते. त्या खाचेच्या मागची कड वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी तुटते आणि मग बोल्टचं डोकं वापरताना रुळावरून उसळतं. भिंग लावून ही कड पाहा. तुकडा उडालेला असेल तर रायफल परत ठेवा आणि पुढची बघा.

नळीच्या आत प्रकाश टाकून पाहा. बहुतेक नळ्यांना गोळीला फिरकी देणाऱ्या ५ खाचा असतात, युद्धकाळातल्या काहींना फक्त २. दोनच आहेत म्हणून नाकारू नका, त्याही चांगल्या चालतात. आत थोडे काळे ठिपके चालतील. मात्र नळीच्या तोंडाकडे नीट बघा. सैनिक दोरीने नळी साफ करत आणि तीच दोरी वर्षानुवर्षं एका बाजूला घासून तोंड अंडाकृती करी. एक साधी चाचणी अशी: नुसती गोळी, काडतूस नव्हे, तोंडात उलटी म्हणजे टोक आत घालून ठेवा. ती जवळपास पूर्ण आत गेली तर तोंड झिजलेलं आहे.

शेवटचं आणि महत्त्वाचं म्हणजे काय काय कापलं आहे. फक्त लाकूड कापलेलं असेल आणि नळी मूळ २५.२ इंचांची असेल, तर तुम्हाला सोनं सापडलं. अशी रायफल कधीही परत लष्करी रूपात आणता येते. नळी कापलेली असेल तर ती संग्राहकाच्या दृष्टीने संपली, पण शिकारीसाठी छान हलकी असते. मात्र बॉडीला दुर्बिणीसाठी वाकड्या जागी भोकं पाडलेली असतील तर मी ती घेणार नाही.

उलगडणं

बोल्ट आणि मॅगझिन काढा. मग मॅगझिनच्या पुढचा आणि चापाच्या कड्यामागचा असे दोन्ही स्क्रू सोडवा, मधला पट्टा काढा. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा, कडा समांतर असलेला पेचकसच वापरा. या स्क्रूंचे आटे एनफील्डचे स्वतःचे आहेत, ते कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. एक स्क्रू खराब केलात तर पुढचा महिना शोधण्यात जाईल.

पुढचं लाकूड उतरवताना ते पुढच्या टोकाला धरून एका बाजूला खेचू नका. सरळ खाली, दोन्ही बाजूंना सारखा जोर देऊन काढा. कारण लाकडाच्या मागच्या टोकाला दोन छोटे आधार असतात, इंग्रजी कारागीर त्यांना ‘ड्रॉ’ म्हणतात. रायफलीचा सगळा धक्का तेच झेलतात आणि वाकड्या जोराने तेच फुटतात. समोरच्या स्क्रूच्या भोकात एक पोकळ धातूची नळकांडी असते, ती हरवू नका. ती गेली की स्क्रू लाकूड चिरडत जातो आणि रायफल हळूहळू नेम सोडते.

नंबर १ मार्क ३ उघडत असाल तर पुढचं लाकूड काढल्याशिवाय दस्त्याचा लांब बोल्ट फिरवू नका. त्या मॉडेलमध्ये तो बोल्ट पुढच्या लाकडातल्या पत्रीत अडकलेला असतो आणि फिरवला की लाकूड चिरतो.

सफाई

जुन्या रायफलीच्या अंगात दशकांचं ग्रीस मुरलेलं असतं. धातूचे भाग मिनरल स्पिरिटने पुसा. नळीला आधी उकळतं पाणी, मग कोरडं कापड, मग तेल. जुन्या लष्करी काडतुसांच्या कॅपमध्ये (बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असे, त्याचं मीठ नळीत राहतं आणि हवेतली ओल शोषून गंज आणतं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यातच विरघळतं, म्हणून पाणी. त्यानंतर तांबं आणि निकेल काढणारं द्रावण. पहिल्या दोन-तीन वेळा कापड हिरवं-काळं निघेल, निघू द्या. ली-एनफील्डचा बोल्ट मागून निघतो आणि मागची साइट (नेम धरायची खूण) उभी केली की चेंबरच्या बाजूने सरळ सळई घालता येते. तोंडाकडून कधी घालू नका, तोंड आधीच झिजलेलं असू शकतं.

लाकूड: खरं काम इथे आहे

कुणी दुर्बीण बदलतो, कुणी चाप हलका करायला जातो. पण ली-एनफील्ड नीट गोळी टाकत नसेल तर बहुतेक वेळा दोष लाकडात असतो.

लष्करी रूपात पुढचं लाकूड नळीच्या टोकाजवळपर्यंत जायचं आणि टोकाशी नळीला वरच्या दिशेने काही पौंडांचा सौम्य दाब द्यायचं. लाकूड निम्म्यावर कापलं की तो दाब गेला. उरलेलं लाकूड नळीला कुठेतरी मध्येच, कधी एका बाजूला, टेकतं. ऊन-पावसात ते फुगतं-आकसतं तसा नेमही सरकतो. त्यामुळे कापलेल्या रायफलीसाठी सगळ्यात विश्वासाचा मार्ग म्हणजे नळी चेंबरजवळच्या जाड भागावर टेकवायची आणि पुढे पूर्ण मोकळी ठेवायची. लाकूड बसवून स्क्रू घट्ट केल्यावर नोटेच्या जाडीचा कागद नळी आणि लाकूड यांच्यामधून टोकापासून त्या जाड भागापर्यंत न अडकता सरकला पाहिजे. जिथे अडेल तिथे गोल दांड्याला सँडपेपर गुंडाळून थोडं थोडं घासा आणि परत तपासा. हे मूळ लष्करी लाकडाला करायचं नाही, आधीच कापलेल्यालाच.

आता त्या मागच्या दोन आधारांकडे या. ते बॉडीला घट्ट भिडले आहेत का? तिथे तेलाने मऊ झालेलं, चिरलेलं किंवा दबलेलं लाकूड असेल तर इलाज आधी तिथेच. खराब भाग कोरून काढा, त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा रेषा आडव्या येतील असा चिकटवा आणि मग बॉडीला भिडेपर्यंत तासा. बॉडीला काजळी किंवा गडद लिपस्टिक लावून लाकूड बसवा आणि काढा, जिथे डाग पडेल तिथेच टेकतं आहे. दोन्ही बाजूंना सारखा डाग पडेपर्यंत हे चालू ठेवा. चिकाटी लागते, पण रायफल यानेच सुधारते. इपॉक्सीचं बेडिंगही, म्हणजे लाकूड आणि बॉडी यांच्यामधली फट इपॉक्सीने भरणं, चालतं, पण बॉडीला न चिकटू देणारा थर आधी नीट लावा, नाहीतर रायफल आणि लाकूड कायमचे एक होतील.

भारतात बनलेल्या रायफलींच्या पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू गेलेला दिसतो, लोक त्याला इशापूर स्क्रू म्हणतात. लाकूड चिरू नये म्हणून इशापूरने तो घातला आणि तो खरोखर उपयोगाचा आहे. तो काढून भोक बुजवू नका.

वरवरच्या पोचांवर ओलं कापड ठेवून गरम इस्त्री टेकवा, वाफेने लाकूड फुगून पोच भरून येतो. वॉर्निश रसायनाने काढा, सँडरने नको. सँडरने कारखान्याचे शिक्के जातात आणि धातूच्या कडा लाकडापेक्षा वर दिसू लागतात. शेवटी जवसाचं तेल हाताने चोळा. पातळ थर, एक दिवस सुकू द्या, मग दुसरा. बर्च आणि बीच तेल कमी पितात, अक्रोड जास्त पितो आणि चमकही त्याचीच खुलते.

दस्त्याची लांबीही पाहा. एनफील्डचे दस्ते चार लांबींत येत आणि दस्त्यावर बी, एस, एन, एल अशी अक्षरं असत. एन नेहमीचा, एल अर्धा इंच लांब, एस अर्धा इंच आखूड, बी एक इंच आखूड. जाड हिवाळी कोट घालून शिकार करणार असाल तर एस नक्की आजमावून पाहा. खांदा दुखत असेल तर दस्ता कापून रबरी पॅड बसवण्यापेक्षा वरून चढवायचं पॅड घ्या.

चाप

ली-एनफील्डचा चाप दोन टप्प्यांत ओढला जातो. पहिला टप्पा लांब आणि हलका, दुसरा आखूड आणि जड. शिकारीत हे फार सोयीचं आहे, सवय झाली की पहिला टप्पा ओढून धरून नेम स्थिर करता येतो. नंबर ४ मार्क १ मध्ये चाप खालच्या कड्यावर टांगलेला असतो, त्यामुळे लाकूड फुगलं-आकसलं की चापाची जाणीवही बदलते. म्हणून चाप नीट वाटत नसला तरी आधी लाकूड बसवा आणि मग चापाचं ठरवा. १९४९ नंतरच्या मार्क २ मध्ये आणि सुधारून मार्क १/२ केलेल्या रायफलींत चाप थेट बॉडीला टांगला, ती अडचण तिथे नाही.

चापाचे आतले पृष्ठभाग घरी घासू नका. एक कोन थोडा चुकला तर बोल्ट जोरात बंद केल्यावर रायफल आपोआप सुटू शकते. गनस्मिथकडून परत आल्यावर स्वतः तपासा: रिकाम्या रायफलीचा बोल्ट अनेकदा जोरात बंद करा, सेफ्टी लावून चाप ओढा, मग चाप न ओढता सेफ्टी काढा. यापैकी कशातही खटका पडता कामा नये.

दुर्बीण हवी का?

नंबर ४ ची मागची गोल भोकाची साइट शिकारीसाठी उत्तम आहे. मधल्या भोकातून पुढचं टोक दिसतं, डोळा आपोआप मध्यावर जातो. दाट जंगलात, शंभर यार्डांच्या आत, मी दुर्बीण लावणारच नाही. उघड्या शेतांच्या कडेला, संध्याकाळच्या मंद उजेडात मात्र ती कामाची.

लावायचीच तर बॉडीला भोकं न पाडणारा माउंट (दुर्बीण धरणारा आधार) घ्या. तो मागच्या साइटच्या पिनेच्या भोकाचा आणि बॉडीवरच्या आडव्या पुलाचा आधार घेऊन बसतो. काढलेली साइट, पीन आणि स्प्रिंग एका पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवा. दुर्बीण ४ पटीची किंवा २ ते ७ पटीची पुरे, डोळ्यापासून किमान साडेतीन इंच दूर असायला हवी. ती बरीच वर बसते, त्यामुळे गाल हवेत राहतो. युद्धातल्या नंबर ४ टी या नेमबाजांच्या रायफलींनाही म्हणूनच दस्त्यावर लाकडी गालपट्टी असे. हॉलंड अँड हॉलंडने कारखान्यात अचूक ठरलेल्या रायफली निवडून त्या तयार केल्या होत्या. आज दोरीने बांधायची चामड्याची गालपट्टी मिळते, तीच घ्या. माउंटच्या स्क्रूंना ते सैल होऊ न देणारा निळा थ्रेडलॉकर लावा.

कापलेली नळी असेल तर

जुन्या मालकाने लोखंड कापायच्या आरीने कापली असेल तर तोंड वाकडं असतं आणि गोळी बाहेर पडताना वायू एका बाजूने आधी सुटतो. तोंडाच्या आतल्या कडेवर कापसाचा बोळा फिरवा, धागे अडकले तर कड खरखरीत आहे. लेथवर नवं तोंड करून घ्या, हे हाताने होत नाही. चेंबर बदलून .३०३ ची रायफल आधुनिक, जास्त दाबाच्या काडतुसासाठी करण्याच्या फंदात पडू नका. इशापूरने ७.६२ साठी २ए आणि २ए१ बनवल्या तेव्हा त्यांनी वेगळं, मजबूत पोलाद वापरलं होतं.

काडतूस

नावात .३०३ असलं तरी खाचांपर्यंतचा व्यास ०.३११ इंचांच्या पुढे असतो आणि युद्धकाळातल्या नळ्या त्याहून सैल सापडतात. म्हणून ०.३१२ ची, मागून सपाट बुडाची गोळी बहुतेक वेळा जास्त चांगली जमते. निमुळत्या बुडाची गोळी झिजलेल्या नळीत डगमगते. हरणासाठी आणि मूससाठी १८० ग्रेन वजनाच्या, मऊ टोकाच्या (सॉफ्ट पॉइंट) गोळीची कारखान्याची काडतुसं सहज मिळतात. लष्करी ठोस गोळी शिकारीला वापरू नका. तुम्ही स्वतः काडतुसं भरत असाल तर वापरलेल्या पुंगळीची फक्त मान दाबून मापात आणा, पूर्ण पुंगळी नको. चेंबर ऐसपैस असल्याने पुंगळ्या बुडाजवळ ताणल्या जातात आणि काही वेळा वापरल्यावर तिथून तुटतात.

नेम बसवणं

बोल्ट काढून नळीतून २५ यार्डांवरचा ठिपका पाहा आणि दुर्बीण त्यावर आणा. मग १०० यार्डांवर जा. गोळ्या तीन-तीनच्या गटात झाडा आणि मध्ये नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबा. दोन ते चार इंचांचा गट या रायफलीसाठी चांगला आहे. १०० यार्डांवर गट सुमारे दोन ते अडीच इंच वर आणलात की २०० यार्डांच्या आसपास तो नेमावर येईल. थंड नळीतली पहिली गोळी कुठे जाते ते वेगळं नोंदवा, शिकारीत तीच झाडायची असते. ती इतर गोळ्यांपासून सतत दूर पडत असेल तर लाकडाकडे परत जा, कुठेतरी अजून टेकतं आहे.

कडाक्याच्या थंडीत बोल्टमधलं जाड तेल घट्ट होतं. दुर्गम उत्तरेत गस्त घालणाऱ्या कॅनडाच्या रेंजर्स या राखीव सैनिकांनी हीच रायफल १९४७ पासून २०१० च्या दशकाच्या अखेरपर्यंत आर्क्टिकमध्ये वापरली आणि ती तिथे टिकली. तुम्हीही मोसमाआधी बोल्ट द्रावणाने धुऊन कोरडा करा, तेल जेमतेम पुसटसं ठेवा. बाहेरून घरात आणलेली रायफल तासभर पिशवीतच राहू द्या, मगच उघडा आणि पुसा. मोसम संपल्यावर पुढचं लाकूड उतरवून नळीची खालची बाजू पाहा. ओल साठते ती तिथेच, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या रायफलींना गंज लागतो तोही तिथूनच.